नर्ड आणि गीक : दोन शिव्यांचा इतिहास

माझा विषय संगणकाचा सामाजिक इतिहास आहे असं सांगितलं की समोरून हमखास एक प्रश्न येतो: नर्ड आणि गीक यांच्यात नेमका फरक काय? विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तरही तयार असतं. नर्ड म्हणजे अभ्यासात बुडालेला, चारचौघांत बोलायची वेळ आली की गडबडणारा. गीक म्हणजे एखाद्या गोष्टीचं वेड लागलेला, मग ते लिनक्स असो, कॉमिक्स असोत की मेकॅनिकल कीबोर्ड. तीन वर्तुळांची एक आकृतीही बरीच वर्षं इकडून तिकडे फिरते आहे. एका वर्तुळात बुद्धी, दुसऱ्यात वेड, तिसऱ्यात लोकांत वावरताना येणारा अवघडलेपणा. बुद्धी आणि वेड जिथे एकमेकांना छेदतात तिथे गीक, तिन्ही जिथे जमतात तिथे नर्ड.

आकृती छान आहे. प्रॉब्लेम एवढाच की ती कोणत्या सालासाठी खरी आहे हे तिच्यावर लिहिलेलं नाही. 1951 साली डेट्रॉइटमधल्या एखाद्या पोराला ती दाखवली असती, तर नर्डचा बुद्धीशी काय संबंध, असं त्याने विचारलं असतं. आणि 1925 च्या सुमारास अमेरिकेतल्या एखाद्या फिरत्या जत्रेत दाखवली असती, तर गीकच्या नावापुढे बुद्धी लिहिलेली बघून लोक पोट धरून हसले असते.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिससाठी शीर्षक शोधताय, म्हणून हा विषय इथे घेतेय. 'अमुक आणि तमुक : एक तुलनात्मक अभ्यास' हे आपल्या विद्यापीठांतलं सगळ्यात लाडकं शीर्षक. धातूंची किंवा खतांची तुलना करायची असेल तर काहीच हरकत नाही. पण माणसांना लावलेल्या नावांची तुलना करायला बसलो की एक गृहीतक गुपचूप आत शिरतं. ते असं, की अशी दोन प्रकारची माणसं जगात आधीपासून आहेत आणि नावं त्यांना मागून चिकटवलीत. इतिहासात बऱ्याचदा उलटं होतं. नाव आधी तयार होतं आणि माणसं मागून त्यात बसवली जातात. मग विचारायचा प्रश्न बदलतो: हे नाव कोणी कोणाला दिलं, केव्हा दिलं, आणि दिल्यानंतर त्या माणसाचं काय झालं? याच तीन प्रश्नांनी हे दोन शब्द तपासून बघू.

कोंबडीचं मुंडकं

दोघांत गीक वयाने मोठा. डच आणि उत्तर जर्मनीतल्या बोलींत 'गेक' म्हणजे मूर्ख, त्या कुळातला हा शब्द. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये माल्वोलिओ आपल्याला सगळ्यांनी कसं येडं बनवलं याची तक्रार करतो, तिथे तो याच कुळातला शब्द वापरतो. 1876 साली एफ. के. रॉबिन्सन यांनी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाच्या परिसरातल्या शब्दांचा कोश छापला, त्यात गीक आहे आणि अर्थ मूर्ख असाच आहे.

इथे जरा थांबा, कारण नवीन संशोधक हमखास घसरतात ती ही जागा. कोशात 1876 आहे म्हणजे शब्द 1876 साली जन्मला असं नाही. त्या साली तो कोणीतरी कागदावर टिपला, एवढंच. बोलीतला शब्द कागदावर यायच्या आधी दोन-तीन पिढ्या तोंडातोंडी फिरलेला असू शकतो. त्यामुळे लिहिताना 'हा शब्द 1876 मध्ये आला' असं लिहू नका, '1876 मध्ये त्याची नोंद सापडते' असं लिहा. व्हायवाला बसलेल्या एक्स्टर्नलला या एका वाक्यावरून तुमची पारख होते.

पुढे हा शब्द अमेरिकेत दिसतो आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास फिरत्या जत्रांमध्ये त्याला एक विशिष्ट काम चिकटतं. या जत्रा तंबू घेऊन गावोगाव फिरायच्या. त्यात तलवार गिळणारा असायचा, आग खाणारा असायचा, अंगभर गोंदवून घेतलेला माणूस असायचा. या सगळ्यांकडे काहीतरी कला होती, निदान काहीतरी वेगळेपण होतं. गीककडे यातलं काहीच नसायचं. एका खड्ड्यात किंवा पिंजऱ्यात त्याला 'रानटी माणूस' म्हणून बसवायचे आणि तो पब्लिकसमोर जिवंत कोंबडीचं किंवा सापाचं मुंडकं दातांनी तोडायचा. जत्रेच्या उतरंडीत सगळ्यात खालची पायरी ही.

विल्यम लिंडसे ग्रेशमची 'नाइटमेअर अ‍ॅली' ही 1946 सालची कादंबरी याच माणसापासून सुरू होते. ग्रेशम स्पेनच्या यादवी युद्धात स्वयंसेवक म्हणून गेला होता आणि तिथे जत्रेत काम केलेल्या एका सहकाऱ्याने त्याला गीकबद्दल सांगितलं. ते डोक्यातून जाईना म्हणून पुढे ही कादंबरी झाली. 1947 मध्ये तिच्यावर टायरन पॉवरचा सिनेमा आला, 2021 मध्ये गिएर्मो देल तोरोने पुन्हा एक केला. कादंबरीतला महत्त्वाचा प्रश्न असा की गीक येतो कुठून? उत्तर अंगावर येणारं आहे. दारूच्या पार आहारी गेलेला एखादा माणूस शोधायचा. त्याला रोजची बाटली आणि झोपायला कोरडी जागा द्यायची. 'काम तात्पुरतं आहे, खरा गीक मिळेपर्यंतच, आणि तू नुसतं नाटक करायचं' असं सांगायचं. काही दिवसांनी म्हणायचं, आता तुला काढतो, आम्हाला खरा गीक हवाय. बाटली जाणार या धास्तीने तो माणूस खरंच कोंबडीला दात लावतो.

म्हणजे जत्रेतला गीक हा माणसाचा प्रकार नव्हताच. ती जागा होती. ती भरायला मजबूर माणूस लागायचा आणि बघायला पैसे देणारी गर्दी लागायची. मी हे एवढं लांबवून सांगतेय कारण पुढे हाच शब्द कौतुकाचा झाला तेव्हा हा भाग सगळ्यांच्या सोयीने गळून गेला.

डेट्रॉइटचा नर्ड

नर्ड त्यामानाने पोरगेलासा शब्द. आत्तापर्यंत सापडलेली सगळ्यात जुनी छापील नोंद 1950 ची, डॉ. स्यूसच्या 'इफ आय रॅन द झू' या मुलांच्या पुस्तकात. तिथे नर्ड हा एक काल्पनिक प्राणी आहे, चिडका आणि केस विस्कटलेला. (हे पुस्तक आता नवीन छापत नाहीत. त्यातल्या आशियाई आणि आफ्रिकी माणसांच्या चित्रणावर आक्षेप आले आणि 2021 मध्ये डॉ. स्यूसच्या सहा पुस्तकांची छपाई थांबवली गेली, त्यात हे एक.) पुढची नोंद 8 ऑक्टोबर 1951 च्या 'न्यूजवीक'मध्ये. तरुण पोरांच्या नव्या शब्दांवरचा तो मजकूर आहे. डेट्रॉइटमध्ये ज्याला आधी 'ड्रिप' किंवा 'स्क्वेअर' म्हणायचे त्याला आता नर्ड म्हणतात, अशी माहिती त्यात येते.

मग डॉ. स्यूसच्या पुस्तकातूनच शब्द उचलला गेला का? गोष्ट मोहात पाडणारी आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती ठाम सत्य म्हणून छापलेली सापडेल. पण लहान मुलांच्या पुस्तकातल्या एका ओळीतला प्राणी वर्षभरात एका शहरातल्या कॉलेजवयीन पोरांच्या तोंडी कसा बसला, याचा मधला दुवा कोणी दाखवलेला नाही. दुसरी एक गोष्ट सांगतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये आणि एमआयटीत म्हणे 'ड्रंक'ची इंग्रजी अक्षरं उलटी केली, म्हणजे जो पीत नाही तो नर्ड. तिसरी गोष्ट एडगर बर्गन या बोलक्या बाहुल्यावाल्याच्या मॉर्टिमर स्नर्ड नावाच्या बावळट बाहुल्याची. या सगळ्या गोष्टींचं आकर्षण एकच आहे, त्या ऐकायला गोड आहेत. व्युत्पत्तीची गोष्ट जितकी गोड तितका तिच्याकडे जास्त पुरावा मागायचा, हा नियम मराठी शब्दांनाही लावा. गावांच्या नावांच्या ज्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो त्यांना तर आधी.

माझ्या मते मुळाच्या शोधापेक्षा त्या 1951 च्या नोंदीतला अर्थ जास्त मोलाचा आहे. डेट्रॉइटचा नर्ड अभ्यासू नाही. तो नुसता बोअर आहे, फॅशन न कळणारा, पार्टीत नको असलेला. 1957 साली ग्लासगोच्या एका रविवारच्या पेपरात तरुणांच्या शब्दांची यादी आली, तिथेही नर्डचा अर्थ 'स्क्वेअर' एवढाच दिलाय. पुस्तकं, चष्मा, गणित यांचा पत्ताच नाही.

पुस्तकं नंतर आली. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या कॅम्पसवर, विद्यार्थ्यांच्या विनोदी मासिकांत हा शब्द वेगवेगळ्या स्पेलिंगांनी दिसायला लागतो आणि तिथे तो सतत अभ्यास करणाऱ्यावर रोखलेला आहे. म्हणजे बोअर माणसासाठीचा शब्द अभ्यासू माणसावर सरकला. हे सरकणं का झालं असावं?

यासाठी शाळेत जावं लागेल. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी 1950 च्या दशकाच्या शेवटी इलिनॉय राज्यातल्या 10 हायस्कुलांचा अभ्यास केला. पुस्तक 1961 मध्ये आलं, 'द अ‍ॅडोलसंट सोसायटी'. त्यांच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता की शाळेत तुमची आठवण कशासाठी राहावी असं वाटतं. मुलांसाठी पर्याय होते: हुशार विद्यार्थी, खेळाडू, की सगळ्यात लोकप्रिय. मुलांचा सगळ्यात मोठा गट खेळाडूच्या मागे गेला. काळ बघा. 1957 मध्ये सोव्हिएत युनियनने स्पुटनिक सोडलाय, अमेरिका हादरली आहे, 1958 मध्ये शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर घडवण्यासाठी तिथे शिक्षणाचा खास कायदा झालाय. सरकार म्हणतंय गणित शिका, आणि शाळेच्या व्हरांड्यात गणित शिकणाऱ्याची किंमत शून्य. या ओढाताणीत अभ्यासू मुलाला चिडवायला शब्द लागला आणि हाताशी असलेला नर्ड तिथे बसला, असं माझं वाचन आहे. हे अनुमान आहे. पण ते कोणत्या पुराव्यांवर उभं आहे ते तुम्हाला दिसतंय, त्यामुळे खोडायचं तर कुठून सुरुवात करायची हेही दिसतंय.

त्यानंतर टीव्हीने काम सोपं केलं. 1974 ला 'हॅपी डेज' ही मालिका सुरू झाली. ती 1950 च्या दशकातल्या मिलवॉकीत घडते आणि तिच्यामुळे नर्ड हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोचला. 1978 पासून 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये नर्ड्स नावाची प्रहसनं आली, 1984 मध्ये 'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स' हा सिनेमा. जाड फ्रेमचा चष्मा, पोटाच्या वर ओढलेली पँट, खिशाला शाई लागू नये म्हणून लावलेलं प्लास्टिकचं पाकीट. आज आपल्याला जो नर्ड डोळ्यांपुढे दिसतो तो या दहा वर्षांत शिवून तयार झालाय.

एकाच मुलावर दोन शब्द

दरम्यान गीकही जत्रेतून कॉलेजात आला होता. 1957 मधल्या एका पत्रात जॅक केरुआक विद्यार्थ्यांच्या प्रश्नांबद्दल हा शब्द वापरतो. 1980 च्या दशकात तर टर्मिनलपुढे रात्र काढणाऱ्या एकाच मुलाला कोणी नर्ड म्हणत होतं, कोणी गीक. ज्याचा फरक आज आपण आकृत्या काढून समजावतो, तो तेव्हा बाहेरच्या माणसाला जाणवतच नव्हता.

फरक आतून सुरू झाला, आणि त्याचा एक सुंदर पुरावा आहे. 'जार्गन फाइल' नावाचा हॅकर मंडळींचा शब्दकोश 1970 च्या दशकापासून संगणकांवर फिरत होता. 1991 मध्ये एरिक रेमंड यांच्या संपादनाखाली तो 'द न्यू हॅकर्स डिक्शनरी' या नावाने पुस्तकरूपात आला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत 'कॉम्प्युटर गीक'ची नोंद अशी: बग खाऊन पोट भरणारा माणूस. बग म्हणजे किडा, बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. म्हणजे नोंद लिहिणाऱ्याला जत्रेतला गीक पक्का माहीत आहे आणि त्याच्यावरच कोटी केली आहे. सोबत एक ताकीदही आहे: बाहेरच्याने हा शब्द वापरला तर तो अपमान धरला जाईल. आता याच कोशाच्या पुढच्या काळातल्या आवृत्त्या काढा. तिथे गीक म्हणजे चारचौघांसारखं होण्यापेक्षा एकाग्रता निवडलेला माणूस. कोश तोच, शब्द तोच. मधल्या काळात सिलिकॉन व्हॅलीत पैसा आला होता.

एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणं ही फार स्वस्त आणि फार फळ देणारी पद्धत आहे. त्याला फंडिंग लागत नाही. लायब्ररीतली जुनी आवृत्ती 'कालबाह्य' म्हणून रद्दीत जायच्या आधी गाठायची, एवढंच.

1990 च्या दशकात तर नावांची दिवाळीच झाली. 1993 मध्ये ई-मेलच्या सहीखाली स्वतःचं गीकपण अक्षरांच्या सांकेतिक ओळीत मांडायचा 'गीक कोड' आला. 1994 मध्ये मिनिआपोलिसमध्ये 'गीक स्क्वॉड' ही घरी येऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणारी कंपनी निघाली, म्हणजे शिवी आता गाडीवर रंगवायची पाटी झाली. पण 1996 मध्ये पर्सनल कॉम्प्युटरच्या इतिहासावर जी प्रसिद्ध माहितीपट-मालिका आली तिच्या नावात नर्ड आहे, आणि 1997 मध्ये सुरू झालेल्या 'स्लॅशडॉट'नेही आपली ओळख नर्डांसाठीच्या बातम्या अशीच करून दिली. माणसं तीच, विषय तोच. कोणी ही पाटी लावली, कोणी ती. 'गीक म्हणजे हे आणि नर्ड म्हणजे ते' असा नियम असता तर हा गोंधळ दिसला नसता.

ख्रिस्तोफर केल्टी या मानववंशशास्त्रज्ञाने या मंडळींमध्ये बॉस्टन, बर्लिन आणि आपल्या बंगळुरूत क्षेत्रकार्य केलं. 2008 च्या 'टू बिट्स' या पुस्तकात तो गीकची व्याख्या स्वभावावरून करतच नाही. ज्या साधनांमुळे आपण एकमेकांशी बोलू शकतो ती साधनं स्वतः बनवणारे आणि ती कशी असावीत यावर भांडणारे लोक, अशी तो मांडणी करतो. चष्मा आहे का, पार्टीत बोलता येतं का, हे प्रश्नच गळून पडतात. माणूस कसा आहे हे सोडून तो काय करतो हे बघायचं. सिनॉप्सिसमध्ये व्याख्या लिहिताना ही वाट वापरून बघा.

ज्यांना हे नाव मिळालं नाही

आत्तापर्यंत या लेखात आलेला नर्ड मुलगाच होता, गीकही मुलगाच होता, हे तुमच्या लक्षात आलंय का? या फरकाच्या चर्चेत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

1945-46 मध्ये एनिअ‍ॅक या अवाढव्य संगणकाचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहा जणी होत्या. म्हणजे सुरुवातीला हे काम बाईने करणं कोणाला विचित्र वाटत नव्हतं. 1950-60 च्या दशकांत प्रोग्रॅमरची मागणी प्रचंड वाढली आणि कंपन्यांना निवडायची कसोटी हवी झाली. 1966 मध्ये विल्यम कॅनन आणि डॅलस पेरी या मानसशास्त्रज्ञांनी चांगल्या प्रोग्रॅमरच्या आवडीनिवडींची मोजपट्टी तयार केली. त्यासाठी तपासलेल्या 1,378 प्रोग्रॅमरांपैकी स्त्रिया होत्या फक्त 186. निष्कर्षांपैकी एक असा, की प्रोग्रॅमरना कोडी आवडतात आणि माणसांत फारसा रस नसतो. आता सॅम्पलचा विचार करा. जे आधीच कामावर आहेत आणि बहुतेक पुरुष आहेत, त्यांच्या सवयींवरून 'चांगला प्रोग्रॅमर कसा असतो' हे ठरवलं. मग त्याच साच्याने पुढची भरती केली. मग साचा खरा ठरला, कारण भरतीच तशी झाली होती. नेथन एन्समेंगर यांनी 2010 च्या 'द कॉम्प्युटर बॉइज टेक ओव्हर' या पुस्तकात हे चक्र नीट उलगडलंय. सॅम्पलिंग शिकवताना आपल्याकडे नेहमी निवडणुकीच्या सर्व्हेचं उदाहरण देतात, त्याऐवजी हे द्यावं असं मला वाटतं.

1984 च्या आसपास अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदव्यांमध्ये मुलींचा वाटा 37 टक्क्यांच्या जवळपास होता. नंतर तो घसरत गेला आणि 2010 च्या सुमारास 18 टक्क्यांवर आला. घसरणीची कारणं बरीच आहेत: घरात आलेले कॉम्प्युटर मुलांसाठी म्हणून विकले जाणं, वर्ग भरल्यावर कॉलेजांनी प्रवेश कडक करणं. सगळं खापर एका शब्दावर फोडू नये. पण याच काळात टीव्हीने आणि सिनेमाने 'कॉम्प्युटरवाला माणूस असा दिसतो' हे पक्कं केलं होतं, हेही विसरू नये.

हा साचा आत बसलेल्या मुलींचं काय करतो हे जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात पाहिलं. 'अनलॉकिंग द क्लबहाउस' हे त्यांचं पुस्तक 2002 चं. अनेक मुलाखती, काही वर्षं चाललेल्या. मुली सांगत होत्या की विषय आवडतो, पण आजूबाजूची मुलं दिवसरात्र कॉम्प्युटरला चिकटलेली असतात, आपण तशा नाही, म्हणजे आपण या विषयाच्या नाहीच बहुतेक. मार्क बरे असलेल्या मुलीही हेच म्हणत होत्या. मजा म्हणजे बऱ्याच मुलांनीही सांगितलं की आम्हीसुद्धा तसे नाही. म्हणजे ज्या गीकशी सगळे स्वतःला ताडून बघत होते तो वर्गात फार थोड्यांना लागू होता. पण त्यावरून 'आपण इथे शोभत नाही' हा निष्कर्ष जास्त करून मुलीच काढत होत्या. विद्यापीठाने प्रवेशाच्या कसोट्या बदलल्या, आधीचा प्रोग्रॅमिंगचा अनुभव सक्तीचा ठेवला नाही, शिकवण्यात बदल केले. 1995 मध्ये प्रवेश घेणाऱ्यांत मुली 7 टक्के होत्या, 2000 मध्ये 42 टक्के.

सप्ना चेर्यन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रयोगच केला. एक खोली, तिच्यात स्टार ट्रेकचं पोस्टर, कॉमिक्स, व्हिडिओ गेमचे डबे, कोल्ड्रिंकचे रिकामे कॅन. दुसऱ्या वेळी तीच खोली, पण निसर्गचित्राचं पोस्टर, साधी पुस्तकं, पाण्याच्या बाटल्या. पहिल्या खोलीत बसलेल्या मुलींनी संगणकशास्त्रात कमी रस दाखवला, मुलांच्या बाबतीत तशी घट दिसली नाही. कोणी काही बोललंसुद्धा नव्हतं. सामानच बोलत होतं.

आणि तरीही काही मुलींनी नर्ड हे नाव आपणहून घेतलंय. भाषाशास्त्रज्ञ मेरी बुकोल्ट्झ यांनी 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कुलात असा मुलींचा गट अभ्यासला, 1999 मध्ये त्यावर निबंध छापला. या मुली मुद्दाम स्लँग टाळायच्या, अवघड शब्द वापरायच्या, शब्दांशी खेळायच्या. बाकीच्यांसारखं 'कूल' दिसायचंच नाही, हा त्यांचा ठरवून घेतलेला पवित्रा होता. 2001 च्या दुसऱ्या निबंधात बुकोल्ट्झ याच भाषेकडे वंशाच्या अंगाने बघतात. गोऱ्या शाळकरी मुलांचं 'कूल' असणं काळ्या मुलांच्या भाषेतून उसनं घेतलेलं होतं. त्यापासून लांब जाणारा नर्ड म्हणून जास्तच गोरा ठरत होता. मग काळा नर्ड असूच शकत नाही का? रॉन एग्लॅश यांनी 2002 च्या निबंधात हाच प्रश्न हातात घेतला. दोघांचे निबंध जोडीने वाचा. एकाच शब्दावर दोन शिस्तींचे लोक कसे वेगवेगळे प्रश्न विचारतात ते कळेल.

मग डेटाने फरक सापडत नाही का?

सापडतो. 2013 मध्ये एका संगणकशास्त्रज्ञाने ट्विटरवरचे लाखो मेसेज घेऊन बघितलं की नर्डच्या जोडीला कोणते शब्द येतात आणि गीकच्या जोडीला कोणते. त्याने वापरलेलं माप पीएमआय. कल्पना सोपी आहे: दोन शब्द निव्वळ योगायोगाने जितक्या वेळा एकत्र यायला हवेत त्याच्यापेक्षा जास्त वेळा येतात का, ते मोजायचं. निष्कर्ष साधारण लोकांच्या समजुतीसारखाच आला. नर्डकडे अभ्यास आणि पुस्तकं झुकली, गीककडे गॅजेट्स आणि छंद.

याला मी चूक म्हणणार नाही. पण यातून मिळालेलं उत्तर आहे ते त्या वर्षांतल्या, इंग्रजीत ट्विट करणाऱ्या लोकांचं. त्यात जत्रा नाही, डेट्रॉइट नाही. आणि ट्विट करणारा स्वतःला नर्ड म्हणतोय की दुसऱ्याला चिडवतोय हे या मापाला कळत नाही. आपल्या विषयात तर कोणी कोणाला म्हटलं, हाच सगळा मामला आहे. गूगलचं एनग्रॅम वापरतानाही हेच. आलेख वर चढला म्हणून नाचायच्या आधी खालची पुस्तकं उघडा आणि वीस-पंचवीस वाक्यं डोळ्यांनी वाचा. स्कॅनिंगमध्ये अक्षरं चुकलेली असतात, पुस्तकांची सालं चुकलेली असतात.

आपल्याकडे हे दोन्ही शब्द आले तेव्हा धुऊन, इस्त्री करून आले. प्लेसमेंटची तयारी करणाऱ्या पोरांना गीक पहिल्यांदा भेटतो तो बहुधा 'गीक्सफॉरगीक्स' या नावात, आणि नर्ड भेटतो 'द बिग बँग थिअरी'त, जिथे एक पात्र दिल्लीहून आलेलं आहे. कोंबडीचं रक्त आणि शाळेच्या व्हरांड्यातली धक्काबुक्की मागेच राहिली. म्हणून मराठीत नर्डचं भाषांतर 'पुस्तकी किडा' असं करताना मी बिचकते. दासबोधातला पढतमूर्ख आणखी वेगळा. त्याचा दोष असा की शिकूनही त्याचं वागणं शिकलेल्यासारखं नाही. डेट्रॉइटच्या पोरांची तक्रार ती नव्हतीच. आणि आपल्या वर्गांत 'आला बघा स्कॉलर' असं म्हणतात तेव्हा त्यात टोमणा किती आणि दबदबा किती हे बोलणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. आयआयटीच्या हॉस्टेलातला 'मग्गू' घ्या. तिथे अभ्यास सगळेच करतात, त्यामुळे टोमणा अभ्यासाला नाही, तो दिसू देण्याला आहे. शिवाय ज्याच्या घरात कोणीच कॉलेज पाहिलेलं नाही त्याला 'स्कॉलर' म्हणणं आणि प्राध्यापकाच्या मुलाला म्हणणं, यातला फरक कोणत्या वर्तुळात टाकायचा?

यावर काम करण्यासाठी अमेरिकेला जावं लागत नाही. कॉलेजांचे वार्षिकांक आहेत, त्यातले विनोद, वर्गमित्रांना दिलेल्या पदव्या, निरोप समारंभाचे फिशपाँड. बऱ्याच कॉलेजांत 1950-60 पासूनचे अंक लायब्ररीच्या कपाटात पडून असतात आणि विचारलं तर ग्रंथपाल आनंदाने काढून देतात. तुमच्या कॉलेजात अभ्यास करणाऱ्याला आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये पडून असणाऱ्याला काय म्हणायचे किंवा म्हणतात, ते मला कळवा. साल आणि गाव नक्की लिहा. आणि तो शब्द मुलींनाही लावत होते का, तेही.